सुटला की सोडला

३ नोव्हेंबर १९७४, रविवार. मैलूर, बिदर.

निवृत्त होऊन सहा महिने झाले. शाळेतून घरी येताना दोनच वस्तू आणल्या होत्या, ही कोरी वही आणि लाल शाईची अर्धी दौत. वहीला आज काम मिळालं. दौतीचं काय करायचं ते देव जाणे, आता तपासायला कुणाच्या वह्या आहेत?

काम अण्णांनी दिलं. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू नरहरराव. वय अडुसष्ट, दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले. सकाळी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "श्रीनू, येळवशीला संतपूरला आपल्या रानात जायचंय. शेवरलेटमधून. तेवढं कर."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, बारा जानेवारीला. त्या दिवशी अख्खा बिदर जिल्हा शेतात जेवतो, त्यात नवल नाही. नवल त्या गाडीचं. अण्णांनी ती हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून घेतली, बारा वर्षं मिरवली, आणि डोळे गेल्यापासून ती आमच्या गोठ्यात उभी आहे. आठ सिलिंडरचं इंजिन. पेट्रोल पीत नाही, ढोसतं. त्यात यंदा पेट्रोलचा भाव गगनाला भिडलाय आणि इंजिन तर गंजून जाम.

म्हटलं, "अण्णा, बसनं जाऊ."

"बसमदी मला कुणीतरी हात धरून चढवतंय. गठुडं चढवल्यागत. ह्या गाडीत मी माझा माझा बसतो. दार कुठं, कडी कुठं, हाताला ठावं हाय." मग थोडं थांबून, "पुढच्या येळवशीचं कुणी सांगावं."

हो म्हणालो. मालती आतून म्हणाली, "अहो, तुम्हाला सायकलची चेन बसवता येत नाही." बायको असावी तर अशी.

६ नोव्हेंबर

रेवणप्पाला बोलावलं. हा पूर्वी अण्णांचा ड्रायव्हर. अण्णांच्या शेजारी बसूनच गाडी शिकला, आता पलीकडच्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. बॉनेट उघडून त्यानं अर्धा तास नुसतं पाहिलं, मग गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाला, "हे न्हाई होत मास्तर. ह्याचं सामान इथं कुठं मिळतंय? हे काढून टेम्पोचं डिझेल इंजिन घालूया. चार सिलिंडरचं."

"बसेल?"

"बसत न्हाई. बसवायचं."

काम करायला माणूस बरा, पण त्याची भाषा! अर्धी मराठी, अर्धी कानडी, वर दखनीची फोडणी. तेहतीस वर्षं मी व्याकरण शिकवलं. पोरांनी कर्ता गाळून वाक्य लिहिलं की मी समासात लाल शाईनं लिहायचो, 'कर्ता कुठं?' आणि माझ्याच अंगणात हा माणूस "स्वल्प थांबा, मैं देखतौं, मग बोलतो" म्हणतो. अण्णा त्याच्याशी त्याच भाषेत गप्पा मारतात आणि दोघं हसतात. मला बाहेरचा असल्यासारखं वाटतं.

२० नोव्हेंबर

हैदराबादला जाऊन भंगारबाजारातून इंजिन आणलं. रेवणप्पाला एका ट्रकचं काम होतं, म्हणून मी एकटाच गेलो. मला काय कमी कळतं? विकणाऱ्याला स्पष्ट विचारलं, हे शेवटचं कधी चालू होतं? म्हणाला, "परसोंच उतारे साब, चलती गाडी में से." परवापर्यंत चालणारं इंजिन! खूश होऊन उचललं.

२४ नोव्हेंबर

रेवणप्पानं आज ते उघडलं. आत उंदरांचं घरटं. चिंध्या, शेंगांची टरफलं, आणि तळाशी गंजाचं पाणी.

मी ओरडलो, "तो परवा म्हणाला होता!"

रेवणप्पा हसून हसून खाली बसला. "मास्तर, हैदराबादचं परसों व्हय ते! गेलं साल बी परसोंच, लगीन झालं त्ये बी परसोंच."

ओट्यावरून अण्णाही हसले. मी घरात गेलो आणि जेवलो नाही. शब्दाला एक ठरलेला अर्थ नको का? ज्या मुलखात परवाचा अर्थ गेलं वर्ष होतो तिथं शुद्धलेखन शिकवून मी कुणाचं भलं केलं?

पिस्टन, रिंगा सगळं नवं टाकावं लागणार. आणखी दहा दिवस जाणार.

४ डिसेंबर

जुनं इंजिन बाहेर निघालं, पण नवं काही बसत नाही. गिअरबॉक्सची भोकं वेगळी, इंजिनाची वेगळी. मधे लोखंडी प्लेट घालायची म्हणून रेवणप्पानं लेथवर करून आणली, तर ती सूतभर जाड. परत पाठवली. मग तेलाची टाकी चेसिसच्या आडव्या पट्टीवर टेकायला लागली. ती कापून उथळ केली. आता इंजिन उंच, म्हणून बॉनेट लागत नाही. एक झाकावं तर दुसरं उघडं पडतं. आज पाना निसटून माझी तीन बोटं सोलली आणि तोंडातून असा शब्द गेला की मालतीनं खिडकी लावून घेतली.

त्यातच भांडण झालं. रेवणप्पा गाडीखालून म्हणाला, "हिडी, हिडी, आता बिडु." हिडी म्हणजे धर, बिडु म्हणजे सोड, एवढं मलाही कळतं. बिदरला जन्म गेला, कळणार नाही तर काय. पण डोकं आधीच तापलं होतं. म्हटलं, "काय ते हिडी नि बिडु! धर आणि सोड म्हणायला जीभ झडते का? एका कामाला एक भाषा. उद्यापासून या अंगणात मराठीत बोलायचं, नाहीतर मी पान्याला हात लावणार नाही."

तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले. "व्हय मास्तर. मराठीत."

अण्णा म्हणाले, "कामून त्याच्या मागं लागायलास रे? त्याच्या भाषेत त्याचा हात चालतो."

मी म्हणालो, शिस्त म्हणजे शिस्त.

८ डिसेंबर, रविवार

आज झालं ते लिहितो.

इंजिन गाडीत उतरवायचं होतं. कडुनिंबाच्या फांदीला कप्पी बांधली, मोटेचा जुना जाड दोर घेतला. इंजिनाला गाठ रेवणप्पानंच मारली. गल्लीतल्या चौघांनी ओढून इंजिन वर टांगलं, दोराला झाडाच्या बुंध्याभोवती दोन वेढे दिले आणि गेले. गाडी ढकलून खाली आणली. मग मी दोर धरून थोडं थोडं ढील देत होतो आणि रेवणप्पा खालून हातानं इंजिन सरकवत होता. सगळं छान चाललं होतं. इंजिन पट्टीपासून चार बोटं वर होतं. गिअरबॉक्सचा दांडा क्लचला भिडायचा तेवढा राहिला होता. रोज असं काही असलं की रेवणप्पा कानडीत बोलतो. आज मराठीत बोलायचं म्हणून त्याला शब्द आठवावा लागला. 'भिडू दे' म्हणायचं होतं त्याला. पण याच्या तोंडात भ कधी आलाच नाही. "बिडू! बिडू!" असं ओरडला.

आणि दोर सुटला.

रेवणप्पाच्या उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं. दवाखान्यात नेलं. पुढची पेरं काढावी लागली.

१० डिसेंबर

दवाखान्यात गेलो होतो. रेवणप्पाची बायको ईरम्मा दाराशी बसलेली. मला पाहून उठली नाही.

रेवणप्पा मलाच धीर देतो. म्हणाला, "माझी गाठ चुकली मास्तर. तीस वर्सं गाठी मारतो, कवा सुटली न्हाई. म्हातारा झालो."

दुखण्यातल्या माणसाशी वाद कसला घालायचा. तो म्हणतो गाठ चुकली, तर चुकली असेल. त्याचं काम त्याला जास्त कळतं.

घरी आलो तर अण्णांनी विचारलं, "दोर सुटला का सोडलास?"

म्हटलं, "सुटला."

"हं," म्हणाले.

१३ डिसेंबर

इंजिन अजून तसंच अर्धं आत, अर्धं बाहेर, वाकडं पडलंय. त्याच्यावरचा दोर काढायला गेलो. गाठ घट्ट होती. नखांनी सुटेना, दातांनी सुटेना, शेवटी विळ्यानं कापली. पडताना आवळली गेली असणार.

तेलाची टाकी चिरली आहे, इंजिन ज्यावर टेकतं त्यातलं एक फाउंडेशन वाकलं आहे. येळवस महिन्यावर आली. दुसरा मिस्त्री शोधतो.

१७ डिसेंबर

दोन मिस्त्री पाहून गेले. दोघंही म्हणाले, दुसऱ्याचं उष्टं काम आम्ही धरत नाही. एकानं वर ऐकवलं, "रेवणप्पाची गाठ सुटली म्हणं. माणसाचा हात गेला म्हणजे गेला."

सगळ्या गावात झालंय. गल्लीतल्या महादेवप्पाच्या ट्रकचं इंजिन रेवणप्पाकडे यायचं होतं, ते त्यानं उदगीरला पाठवलं. म्हणतो, टांगलेल्या लोखंडाखाली माझी माणसं उभी करायची म्हणजे गाठीचा भरवसा हवा.

संध्याकाळी अण्णा पुन्हा तेच. "श्रीनू, सुटला का सोडला?"

मी भडकलो. "किती वेळा सांगू? सुटला, सुटला, सुटला!"

"तू व्याकरणाचा मास्तर. सुटला म्हणालास. कर्ता कुठं?"

मी उठून बाहेर गेलो. आंधळ्या माणसाला सगळ्या जगाला प्रश्न विचारायची मुभा असते वाटतं! ओट्यावर बसून त्यांना काय दिसलं होतं? मालती म्हणाली, "दिसलं नसेल. ऐकलं असेल." ही पण त्यांच्याच बाजूची.

२२ डिसेंबर

एकटा भिडलो आहे. टाकी झाळून आणली. फाउंडेशन लोहारानं सरळ केलं. पुस्तक नाही, नकाशा नाही. काल चार तास एक नट शोधला, तो माझ्याच खिशात निघाला. हात काळे, धोतर काळं. शाळेतला एक जुना विद्यार्थी रस्त्यानं जाताना म्हणाला, "सर, तुम्ही?" मी गाडीकडे तोंड फिरवलं.

गल्लीतल्या चौघांना पुन्हा बोलावलं आणि इंजिन पुन्हा वर टांगलं. या वेळी दोर त्यांनीच धरला. मला कुणी धर म्हणालं नाही.

२९ डिसेंबर, रविवार

रेवणप्पा आला. हाताला पांढरं गाठोडं. उलट्या घमेल्यावर बसला आणि डाव्या हातानं दाखवायला लागला. हे वर. ते खाली. तिकडं. तोंडातून शब्द नाही. हा माणूस बोलल्याशिवाय चहा पीत नसे.

मी म्हटलं, "बोल की रे."

म्हणाला, "नको मास्तर. चुकीचं बोलतो मी. माझी मराठी धड न्हाई." आणि पान्याकडे बोट दाखवलं. ते बोट अख्खं होतं.

दांडा क्लचला भिडला. एवढ्या आवाजाची कटकट, एवढा रक्तपात, आणि भिडताना नुसतं 'टक' झालं. आनंद व्हायला हवा होता, काय झालं कुणास ठाऊक, झाला नाही.

७ जानेवारी १९७५

सुरू झाली! सेल्फ मारला, धूर आला, खोकला आला, आणि मग धडधड धडधड. ओट्यावरच्या तांब्यातलं पाणी हिंदकळलं. शेजारची यल्लम्मा पिठाचा डबा घेऊन दारात आली, तिला वाटलं गल्लीत गिरणी सुरू झाली. मालती पोट धरून हसली. मी आरशात पाहिलं, तोंड काळं आणि दात तेवढे पांढरे.

अण्णांना हात धरून आणायला गेलो. त्यांनी हात काढून घेतला आणि आपले आपण आले. दार हाताला बरोबर लागलं, कडी लागली, पत्र्यावर तळवा ठेवून त्यांनी थरथर पाहिली. "चांगलं केलास," म्हणाले. पण बसले नाहीत.

"बसा की."

"आधी सांग. मग बसतो."

"अण्णा, दोन महिने मी तुमच्यासाठी मरतोय!"

"ते ठावं हाय मला. म्हणून तर बसायचं हाय. पण त्या गड्याची दोन बोटं गेली आणि वर गाठीचं खोटं नाव त्याच्या कपाळाला. त्या गाडीत मी कसा बसू सांग? येळवशीला मी बसनं जाईन. चढवतील मला लोकं, गठुडं चढवल्यागत."

१० जानेवारी

दोन दिवस काही लिहिलं नाही. एकच ओळ चारदा लिहून खोडली.

लिहितो. इंजिन पट्टीपासून चार बोटांवर असताना त्यानं "बिडू" म्हटलं. मी त्याला मराठीत बोल म्हणालो होतो, तो मराठीत बोलला. आणि माझ्या कानानं ते कानडीत ऐकलं. बिडु, सोड. डोक्यात विचार आलाच नाही, हात आपोआप उघडले. तेहतीस वर्षं मी ज्या कानाला शुद्ध समजत आलो तो कान इथलाच निघाला.

गाठ घट्ट होती. विळ्यानं कापली तेव्हाच मला माहीत होतं.

१२ जानेवारी, येळवस

सकाळी सगळी गल्ली बैलगाड्यांत, ट्रॅक्टरांत सामान भरत होती. आंबिलीची मडकी, भज्जी या मिसळभाजीची पातेली, बाजरीच्या उंड्यांचे डबे. महादेवप्पाचा ट्रक आमच्या दारासमोरच उभा, माणसांनी भरलेला. अण्णा पांढरं धोतर नेसून ओट्यावर, बसच्या वाटेकडे कान लावून. रेवणप्पा आणि ईरम्मा अण्णांना बसपर्यंत सोडायला आलेले. म्हणजे हेही त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी गाडी सुरू केली नाही. रस्त्यात उभा राहिलो. शाळेत पाचशे पोरांसमोर लावायचो तसा आवाज लावला.

"महादेवप्पा, ऐका. सगळ्यांनी ऐका. रेवणप्पाची गाठ सुटली नाही. गाठ पक्की होती, मी विळ्यानं कापून काढली. तो भिडू दे म्हणाला, मी सोड ऐकलं. दोर मी सोडला."

ट्रकमधली माणसं कठड्याशी येऊन रेवणप्पाकडे बघायला लागली.

मला वाटलं होतं रेवणप्पा म्हणेल, जाऊ द्या मास्तर. तसाच माणूस आहे तो. पण त्याचा चेहरा पाहवेना. "पाच आठवडं," तो म्हणाला. "पाच आठवडं मी ती गाठ मारून बघायलोय. डाव्या हातानं. खाटेच्या पायाला. कुठं चुकलो, कुठं चुकलो म्हणून. हिला ईचारा. आन तुम्हाला ठावं हुतं?"

"हो."

ईरम्मा कानडीत एक वाक्य बोलली. ते मी इथं लिहीत नाही. मला पूर्ण कळलं.

मी गाडीच्या चाव्या काढल्या. म्हटलं, आता तरी अण्णांना नेतो. तर रेवणप्पा पुढं आला आणि डाव्या हातानं चाव्या ओढून घेतल्या. "सरका. तुमच्या हातात अण्णांना देत न्हाई मी."

अण्णा ओट्यावरून उतरले. कुणी हात धरला नाही, कुणाची छाती झाली नाही. सात पावलं, कडी, दार. पुढच्या सीटवर बसले, टोपी सारखी केली. "श्रीनू, मागं बस," म्हणाले. मालती, ईरम्मा आणि मी, तिघं मागं. मधे आंबिलीचं मडकं.

संतपूरपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. गाडीच एवढी खडखडत होती की बोलायची सोय नव्हती, हे एक बरं झालं. दुखऱ्या हाताचं मनगट स्टिअरिंगवर, डावा हात गिअरला. चढावर काळा धूर निघाला, तसे अण्णा म्हणाले, "रेवण्णा, हिचा आवाज गेला की रे." तो म्हणाला, "आवाज गेला, पर तुम्ही आलात न्हवं." दोघं हसले.

कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पाच पांडव मांडले, पूजा झाली. अण्णांनी ज्वारीचं कणीस हातानं चाचपून पाहिलं आणि यंदा दाणा भरलाय म्हणाले. मग रानभर आंबील शिंपडायची वेळ आली. रेवणप्पानं मडकं उचललं. तीनच धड बोटांच्या हातातून ते घसरायला लागलं. मी जवळच होतो, पण पुढं व्हायचा धीर होईना.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कानडीत बोलला.

"हिडी, मास्तर."

मी दोन्ही हातांनी धरलं. तो पुढं पळसाच्या पानानं शिंपडत चालला, मी मडकं धरून मागं. रानाला पुरा फेरा होईपर्यंत त्यानं बिडु म्हटलं नाही आणि मी सोडलं नाही. हात भरून आले.

घरी आल्यावर लाल शाईची दौत उघडली. आठ डिसेंबरचं पान काढलं. 'दोर सुटला' मधला 'सुटला' खोडला, वर 'सोडला' लिहिलं. समासात, पोरांच्या वहीत लिहायचो तसं लिहिलं, 'कर्ता कुठं?' आणि त्याच्याखाली उत्तर लिहिलं, 'मी'.